पावसाळ्यातलं बेट आणि आपली शाळा



तिसरीच्या वर्गात 'बेट' शिकवताना मी फळ्यावर एक गोल काढते, भोवती निळ्या खडूने पाणी दाखवते आणि खाली लिहिते : चारही बाजूंनी पाण्याने वेढलेला जमिनीचा भाग म्हणजे बेट. उदाहरणासाठी रायगडच्या मुलांना लांब जावं लागत नाही. उरण तालुक्यात घारापुरी आहे, मुरूडजवळ जंजिरा आहे. दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये हे शिकवून झालं आणि मागच्या रांगेतल्या एका मुलीने विचारलं, "बाई, मग आमची वाडी पण पावसात बेटच ना?"

वर्ग हसला. मला हसू आलं नाही, कारण तिचं बरोबर होतं.

आपला सुधागड तालुका समुद्राला लागून नाही. पण पालीकरांना पाण्याचा वेढा सांगायला नको. अंबा नदीवरचा पूल पाण्याखाली गेला की वाकणकडची वाट बंद, हे आपण कितीदा पाहिलंय. १९८९ च्या जुलैत याच अंबेने जांभूळपाड्यात काय केलं, ते घराघरांत अजून सांगितलं जातं. मोठ्या गावांची ही गत, तर डोंगराच्या पायथ्याच्या आदिवासी वाड्यांचं काय? तिथे नदीची गरजच नसते. एक ओढा फुगला की वाडी तुटते. पाणी उतरलं की रस्ता परत मिळतो, पण तेवढ्या तासांत कुणी आजारी पडायचं नाही असं ठरवता येत नाही.

त्याच जुलैत त्या मुलीच्या पहिलीतल्या भावाला विंचू चावला.

अकरा किलोमीटर, सात तास

रात्री आठच्या सुमारास पोरगा चुलीसाठी लाकडं काढायला गेला आणि ढिगातल्या विंचवाने नांगी मारली. आधी भगताकडे नेलं. घाम फुटला, उलट्या झाल्या, हातपाय गार पडले, तेव्हा साडेदहाला दवाखान्याचं ठरलं. वाडीत फोनला रेंज नाही. चादरीची झोळी करून बांबूला बांधली आणि चौघे निघाले, तर ओढा छातीएवढा. पाणी उतरेपर्यंत दीड वाजला. पलीकडे जाऊन एकाला उठवलं, त्याने गाडी काढली. पहिल्या दवाखान्यात त्या वेळी डॉक्टर नव्हते, पुढे जायला सांगितलं. उपचार सुरू झाले तेव्हा तीन वाजले होते.

पोरगा वाचला. पाच दिवसांनी घरी आला. पण मला दुसरीच गोष्ट टोचत राहिली. ओढ्याच्या अलीकडे राहणाऱ्या एका टेम्पोवाल्याचा नंबर माझ्या फोनमध्ये होता, कारण त्याची मुलगी माझ्या वर्गात आहे. वाडीत तो नंबर कुणाकडेच नव्हता. आशाताईंना कळलं ते सकाळी. रोज शाळेत भेटणारी माणसं आम्ही, पण रात्री एकमेकांच्या उपयोगी पडलो नाही.

उशीर तीन ठिकाणी होतो

बाळंतपणात बायका का दगावतात, याचा अभ्यास करून शेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन या दोघींनी १९९४ साली 'तीन उशीर' अशी मांडणी केली. पहिला उशीर घरात : दवाखान्यात जायचं की नाही, हे ठरवण्यात. दुसरा वाटेत : पोहोचण्यात. तिसरा दवाखान्याच्या दारात : उपचार सुरू होण्यात. ही मांडणी बाळंतपणाची असली तरी विंचू, साप, ताप, सगळ्यांना लागू पडते. आमच्या पोराचे सात तास मी वहीत मांडून पाहिले. घरात अडीच, ओढ्याकाठी तीन, रस्त्यात आणि दारात मिळून दीड.

आपण नेहमी काय म्हणतो? "रस्ता नाही, डॉक्टर नाहीत, सरकार काही करत नाही." ते खरंच आहे. पण सातपैकी अडीच तास घरातच गेले, आणि ते रस्त्याने वाचले नसते. शिवाय ओढ्याकाठचे तीन तास आणि दारातला वेळ कमी करायचा, तर आधी कुणीतरी एकत्र बसून ठरवावं लागतं. माझं म्हणणं एवढंच आहे, की तुटलेल्या गावाला आरोग्यसेवा माणसांच्या साखळीतून मिळते, आणि त्या साखळीत शाळा ही एक कडी आहे. आज ती कडी मोकळी पडलेली आहे.

हे आपल्याकडे घडलेलं आहे

पहिल्या उशिराचं उत्तर जामखेडने दिलं. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये तिथे काम सुरू केलं. शिकलेल्या नर्स खेड्यात राहायला तयार नव्हत्या, म्हणून त्यांनी गावातल्याच बायकांना शिकवलं. त्यातल्या कित्येकींना लिहितावाचता येत नव्हतं. पण शेजारीण सांगते ते घरात ऐकलं जातं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत आरोग्यदूत बायका तयार केल्या. त्या नवजात बाळाला ऊब देणं, अंगावर पाजणं, जंतुसंसर्ग ओळखून उपचार करणं हे घरीच करू लागल्या. तिसऱ्या वर्षी नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. हा अभ्यास १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. आज गावोगाव फिरणाऱ्या आपल्या आशाताई बाळाला बघायला घरी येतात, त्यामागे हे काम आहे.

दुसऱ्या उशिरासाठी नंदुरबारकडे बघा. सरदार सरोवराचं पाणी पसरलं आणि नर्मदाकाठच्या डोंगरातले पाडे खरोखर पाण्यापलीकडे गेले. तिथे दवाखानाच बोटीवर चढवून पाड्यांकडे नेण्यात आला. २०२० मध्ये करोनाच्या भीतीने बायका केंद्रावर येईनाशा झाल्या, तेव्हा तिथली एक अंगणवाडी सेविका स्वतः नाव वल्हवत बाळांचं वजन करायला आणि आहार पोचवायला जात होती. तिचं कौतुक सगळ्यांनी केलं, मीही वर्गात सांगितलं. पण सांगताना एक गोष्ट विसरू नये. ती वल्हवत होती म्हणून पाडे जोडलेले राहिले, आणि तिला वल्हवावं लागलं ही व्यवस्थेची लाज होती. दोन्ही एकाच वेळी खरं आहे.

आदिवासी भागांसाठी 'माहेरघर' नावाची सरकारी योजनाही आहे. दिवस भरत आलेल्या बाईने काही दिवस आधीच आरोग्य केंद्राजवळ येऊन राहायचं. किती साधा विचार! ओढ्याला पूर येणार हे माहीत आहे ना, मग बाईला आधीच अलीकडे आणा.

तिसऱ्या उशिराचं उदाहरण तर आपल्या रायगडचंच आहे. महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ च्या सुमारास रुजू झाले. तेव्हा कोकणात लाल विंचू चावून गंभीर झालेल्या शंभरातले तीस-चाळीस जण दगावत. बावस्करांनी खाटेशेजारी बसून एकेका रुग्णाची नोंद ठेवली. विंचवाचं विष हृदयावर आणि फुप्फुसावर कसा परिणाम करतं ते ओळखलं आणि प्राझोसिन या रक्तदाबाच्या स्वस्त गोळीचा उपयोग दाखवून दिला. मृत्यूचं प्रमाण शंभरात एक-दोनपर्यंत खाली आलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या कामातून एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते : रोगी लवकर आला तर वाचतो. मोठं यंत्र लागत नाही. गोळी जवळच्या केंद्रात असावी, ती कधी द्यायची हे तिथल्या माणसाला ठाऊक असावं, आणि रोगी वेळेत त्या दारात पोहोचावा. यातलं शेवटचं काम डॉक्टर करू शकत नाहीत. ते गावाचं आहे.

"आमच्यावर अजून एक काम?"

मला माहीत आहे, हे वाचताना काही शिक्षकांच्या मनात काय आलं असेल. आधीच सर्वेक्षणं, ऑनलाइन माहिती, निवडणुकीची कामं. त्यात आता आरोग्य? तक्रार रास्त आहे, आणि नर्सबाईंचं काम आपण करावं असं माझं म्हणणं मुळीच नाही. औषध देणं हे आपलं काम नाही. करूही नये.

दुसरा आक्षेप जास्त महत्त्वाचा. "लोकसहभाग, लोकसहभाग म्हणायचं आणि सरकारने हात झटकायचे." हे होतं, म्हणून आपणही सावध राहायला हवं. डोंगरी आणि आदिवासी भागात ३,००० लोकवस्तीला एक उपकेंद्र आणि २०,००० ला एक प्राथमिक आरोग्य केंद्र हा सरकारचाच निकष आहे. लोक एकत्र आले म्हणून तो माफ होत नाही. उलट लोक एकत्र आले तरच तो मागता येतो. महाराष्ट्रात २००७ पासून काही जिल्ह्यांत आरोग्यसेवेवर लोकाधारित देखरेख सुरू झाली. गावकरी स्वतः नोंदी ठेवतात आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर मांडतात. 'डॉक्टर नसतात' असं म्हणणं आणि 'अमुक रात्री अमुक वाजता डॉक्टर नव्हते' असं लिहून देणं, यात फरक आहे. दुसऱ्याला उत्तर द्यावं लागतं.

आम्ही काय केलं

त्या प्रसंगानंतर मी परिसर अभ्यासाच्या तासाला मुलांना नकाशा काढायला लावला. विषय : आमच्या घरापासून दवाखान्यापर्यंत. मला वाटलं होतं, मुलं रस्ता, झाडं, देऊळ काढतील. त्यांनी काय काढलं असेल? एकाने एक मोठा खडक काढला आणि शेजारी मोबाइल. "बाई, इथं रेंज येते." एकीने ओढा तीन ठिकाणी ओलांडून दाखवला आणि कुठे पाणी आधी उतरतं ते सांगितलं. तिचे वडील खेकडे धरायला तिथेच जातात. तिसऱ्याने टेम्पो काढला. एकाने पाटीवर फक्त कुत्रा काढला, कारण आशाताईंच्या घराकडे रात्री जायला तो देत नाही! ही सगळी माहिती वाडीत होती. एका कागदावर मात्र कधीच आली नव्हती.

ते कागद घेऊन शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत बसलो. आशाताई, अंगणवाडीताई, नर्सबाई, टेम्पोवाले दादा आले. भगतबाबांनाही मानाने बोलावलं. त्यांना बाजूला ठेवून घरातला उशीर कमी होणार नाही, हे आशाताईंचं म्हणणं. बाबा म्हणाले, "माझ्याकडे आणा, पण निघता निघता आणा. मी थांबवणार नाही." एवढं एक वाक्य अडीच तासांचं काम करून गेलं.

मग शाळेच्या बाहेरच्या भिंतीवर, जी सुट्टीतही दिसते, तिच्यावर नंबर रंगवले : १०८, आशाताई, टेम्पोवाले दादा, जवळचं आरोग्य केंद्र. खाली लिहिलं, रेंज कुठे मिळते आणि ओढा कुठून ओलांडायचा नाही. पावसाळ्यात बाळंत होणाऱ्या बायकांची यादी भिंतीवर नाही. ती आशाताईंच्या वहीतच राहते, आणि तशीच राहायला हवी. त्यातल्या दोघी गेल्या पावसाळ्यात आधीच अलीकडे नातेवाइकांकडे येऊन राहिल्या.

गावाच्या आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीला वर्षाला १०,००० रुपयांपर्यंत निधी मिळण्याची तरतूद आहे, हे आमच्यातल्या बहुतेकांना माहीतच नव्हतं. आम्ही त्यातून स्ट्रेचर आणि मोठी बॅटरी मागितली. बॅटरी मिळाली. स्ट्रेचर अजून नाही, अर्ज पुन्हा दिलाय. ओढ्यावरचा साकव तर कागदावरच आहे. म्हणजे सगळं छान झालं असं नाही. पुन्हा तसाच पाऊस पडला तर ओढा तसाच फुगणार आहे. पण या वेळी रात्री आठ वाजता कुणाला तरी ठाऊक असेल, कोणत्या खडकावर चढायचं आणि कुणाला हाक मारायची.

तुम्ही काय करू शकता

शिक्षकांनो, हा नकाशाचा तास जून उजाडायच्या आत घ्या. सुट्टी लागण्याआधी एप्रिलमध्ये घेतलात तर उत्तम, म्हणजे बैठकीला वेळ मिळतो. त्यासाठी वेगळं काम लागत नाही, दिशा, अंतर, परिसर सगळं त्यात शिकवून होतं. मुलांना घड्याळ शिकवतानाच विचारा, घरातून दवाखान्यात पोहोचायला उन्हाळ्यात किती वेळ आणि पावसात किती? फरक मुलं स्वतः काढतील.

पालकहो, तुमच्याकडे एकच मागणं. विंचू, साप चावला, बाळ दूध पिईना, गरोदर बाईला रक्तस्राव झाला, तर 'सकाळी बघू' म्हणू नका. आणि तुमच्या घरी गाडी असेल तर शाळेला नंबर द्या.

त्या मुलीला मी त्या दिवशी उत्तर दिलं होतं, "हो गं, बेटच." आता ती पाचवीत आहे. परवा भिंतीवरचा पुसट झालेला एक नंबर तिनेच वाचून दाखवला आणि म्हणाली, "बाई, हा परत रंगवायला पायजे, पाऊस यायच्या आधी."

रंग आणलाय. या शनिवारी रंगवतोय.