‘स्थानिक’ शब्दाचा अपहार

शब्दांची लूट झाली तर कोणी फिर्याद करीत नाहीं, हें लुटणाऱ्यांचें मोठें भाग्य होय. शेत बळकावलें तर वहिवाटदार कोर्टाची पायरी चढतो. विहीर आटली तर गांव रिकाम्या घागरी घेऊन कचेरीवर जातें. परंतु एखाद्या चांगल्या शब्दांतील अर्थ कोणी उपसून नेला, तर त्याचा पंचनामा करावयास कोणी येत नाहीं. तें काम मासिकांनीं करावयाचें असतें, आणि आज तें ‘स्थानिक’ या एका शब्दापुरतें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

गेल्या दहापंधरा वर्षांत महाराष्ट्रांत बिअरच्या रसिकतेचा एक नवा संप्रदाय रुजला आहे. मोठ्या कारखान्यांतून एकाच साच्याची निघणारी बिअर सोडून लहान ब्रुअरींत थोडथोडी बनविलेली, निरनिराळ्या चवींची ‘क्राफ्ट’ बिअर प्यावयाची. मित्रमंडळींसह एकामागून एक ब्रुअऱ्या पाहावयाच्या. लाकडी फळीवर मांडलेल्या चारसहा लहान पेल्यांतील घोट घोट चाखून त्यांवर मतें द्यावयाचीं, असा या संप्रदायाचा आचार आहे. बीड, अंबाजोगाई, परळीकडची जी तरुण मंडळी पुण्यास नोकरीनिमित्त राहते, तिच्यांत आमचे स्नेही आहेत. त्यांच्या पंक्तीस आम्हीही बसलों आहोंत, आणि चांगली बिअर चांगली लागते हें सांगण्यास आम्हांस संकोच वाटत नाहीं. तेव्हां हा लेख मद्यपाननिषेधाचा आहे असें समजून कोणीं तो अर्ध्यावर टाकूं नये. तें काम आमच्या खेड्यांतील बाया ‘आडव्या बाटली’स मत देऊन आमच्याहून अधिक समर्थपणें करीत आहेत. आमचा तंटा पेल्याशीं नाहीं, पेल्यास चिकटविलेल्या विशेषणाशीं आहे. ही बिअर ‘स्थानिक’ आहे, असें हे रसिक अभिमानानें सांगतात. आमचा प्रश्न एवढाच कीं, ती कोणत्या स्थानची?

बिअर मुख्यतः चार वस्तूंची होते. भिजवून मोड आणलेले व मग वाळवून भाजलेले जव, ज्यांस माल्ट म्हणतात, कडवटपणा व सुगंध देणारीं हॉप्स नांवाच्या वेलाचीं फुलें, किण्वन घडविणारें यीस्ट, आणि पाणी. यांपैकीं जव राजस्थान-हरयाणाकडचे. उंची माल्ट तर पुष्कळदां जर्मनीहून किंवा बेल्जमहून येतें. हॉप्स आपल्या देशांत लाहौलच्या थंड खोऱ्यांत थोडीं होतात. बाकीचीं जर्मनी, अमेरिका अशा दूरच्या मुलखांतून येतात. यीस्ट प्रयोगशाळेंतून पाकिटबंद येतें. कृति कोठें बव्हेरियाची, कोठें बेल्जमची, कोठें इंग्लंडांतील बर्टन गांवची.

नांवांचीही तीच गत. ‘इंडिया पेल एल’ या नांवांतील इंडिया म्हणजे बनविणाऱ्याचा देश नव्हे. इंग्लंडांत बनवून हिंदुस्थानांतील गोऱ्या अंमलदारांकडे जहाजानें पाठविलेल्या मालावरचा तो पत्ता होय. महाराष्ट्रांतील पहिल्या लहान ब्रुअऱ्यांपैकीं एक २००९ सालीं पुण्यांत निघाली. तिचें नांव ‘डुलाली’. नाशिकजवळच्या देवळाली छावणींत मायदेशीं जाणाऱ्या जहाजाची वाट पाहतां पाहतां गोरे शिपाई वेडेपिसे होत, अशी आख्यायिका आहे. त्यावरून देवळालीचें ‘डुलाली’ झालें, आणि इंग्रजींत त्याचा अर्थच ‘डोकें फिरलेला’ असा झाला. नांव ठेवणारांची थट्टा मार्मिक आहे, तीस आम्हीही दाद देतों. पण ही थट्टा आमच्या प्रस्तुत विषयाचें सारच सांगते: आमच्याच गांवाचें नांव, परंतु तें विलायतेहून बिघडून परत आल्यावांचून पेल्यावर बसण्यास योग्य ठरत नाहीं!

या चार वस्तूंतून तीन वजा केल्या म्हणजे उरतें पाणी. तेवढेंच खरोखर येथलें. आणि बिअरमध्यें शेंकडा नव्वदांहून अधिक भाग त्याचाच असतो. म्हणजे ‘स्थानिक’पणाच्या दाव्यांत सत्यांश मुळींच नाहीं असें नाहीं, परंतु तो सत्यांश रसिकांच्या तोंडून कधींच निघत नाहीं. ते पेला उजेडाकडे धरून रंग पाहतात, फेंस किती वेळ टिकतो हें न्याहाळतात, संत्र्याच्या सालीचा वास आणि भाजलेल्या कॉफीचा कडवटपणा अचूक ओळखतात. पण पाणी कोणत्या धरणाचें आहे याची चौकशी करणारा रसिक आम्हांस अद्याप भेटला नाहीं. एका ब्रुअरींत आम्हीं हा प्रश्न विचारून पाहिला. पाणी गाळलेलें व शुद्ध आहे, अशी ग्वाही आम्हांस मिळाली. उत्तर नम्र होतें, पण तें आमच्या प्रश्नाचें नव्हतें.

हा प्रश्न बीडच्या माणसास सुचतो याचें कारण उघड आहे. पुण्याच्या पेल्यांत पुण्याच्या धरणांचें पाणी असेल. पण मराठवाड्यांतील बिअरची कहाणी आमच्या उंबरठ्यापर्यंत येते. पैठणच्या नाथसागराचा उजवा कालवा गेवराईच्या बाजूनें माजलगांवच्या धरणाकडे येतो. आणि त्याच नाथसागराचें पाणी छत्रपती संभाजीनगराजवळच्या वाळूजच्या औद्योगिक वसाहतीसही जातें, जेथें बिअरचे मोठे कारखाने आहेत. शेतकऱ्याचें शेत, शहराचा नळ आणि बिअरची बाटली, तिघांचा रांजण एकच. २०१६ सालच्या उन्हाळ्यांत केज तालुक्यांतील धनेगांवचें मांजरा धरण कोरडें पडलें. लातुरास मिरजेहून आगगाडीनें पाणी न्यावें लागलें. आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानें मद्यनिर्मितीच्या कारखान्यांचें पाणी ६० टक्क्यांपर्यंत कापण्याचा हुकूम दिला. ज्या वस्तूचा हिशेब अखेर न्यायमूर्तींस करावा लागला, तिचा उल्लेख रसिकांच्या टिपणांत एका ओळीनेंही असूं नये, हें नवल नव्हे काय?

यावर आमचे स्नेही दोन आक्षेप घेतात. पहिला असा कीं, पाणी पितात ते मोठे कारखाने. लहान ब्रुअरीचा खर्च तो किती! एकंदर खर्च अल्प, हें खरें. पण मोठ्या कारखान्यांत एक लिटर बिअरमागें धुणें-निवविणें धरून सुमारें ३ ते ५ लिटर पाणी लागतें, आणि लहान ब्रुअरींत हें प्रमाण बहुधा अधिकच असतें. कारण भांडीं तशींच धुवावीं लागतात आणि बिअर मात्र थोडी निघते. शिवाय मोठा कारखाना ‘स्थानिक’ असल्याचा डौल मिरवीत नाहीं. जो नांवाचा मान घेतो, त्यानें नांवाचें देणेंही द्यावें, एवढेंच आमचें म्हणणें आहे.

दुसरा आक्षेप उसाचा. मराठवाड्याचें पाणी खरें पितो तो ऊस, बिअरनें कोणाचें काय घेतलें? ऊस पाणी पितो हें आम्हांस कोणीं शिकवावयास नको. ज्या जिल्ह्यांतून दरसाल दसऱ्यानंतर ऊसतोडीसाठीं बिऱ्हाडेंच्या बिऱ्हाडें बाहेर पडतात, त्या जिल्ह्यांत आम्ही राहतों. उसाशीं आमचें भांडण निराळें आहे व तें आम्ही निराळ्या वेळीं भांडूं. परंतु शेजाऱ्याचें कर्ज मोठें आहे म्हणून आपलें लहान कर्ज फिटत नाहीं.

आतां कोणी विचारील कीं, तुमच्या मतें ‘स्थानिक’ पेय तरी कोणतें? एक काळ असा होता कीं, या प्रश्नाचें उत्तर शिंदीच्या झाडाखालीं मिळत असे. निजामाच्या राज्याचें आबकारीचें उत्पन्न मोठें, आणि त्यांत शिंदीचा वांटा मोठा. म्हणूनच १९४७ सालच्या लढ्यांत मराठवाड्यांतील सत्याग्रह्यांनीं शिंदीचीं झाडें तोडून त्या उत्पन्नावर घाव घातला. पेय कितीही गांवचें असलें तरी त्याचा पैसा कोणाच्या तिजोरींत जातो हेंही पाहावें लागतें, हें त्या पिढीस कळत होतें. आजच्या पेल्याच्या रसिकांस मात्र चवीपलीकडे कांहीं पाहण्याची गरज वाटत नाहीं.

झाडें गेलीं, पण ज्वारी अद्याप आहे. अंबाजोगाई-परळीच्या बाजूस येळवशीच्या दिवशीं ज्वारीचें पीठ ताकांत आंबवून केलेली आंबील मडक्यांत भरून शेतांत नेतात. आंबट, किंचित् तुरट, थंडगार अशी ती आंबील ज्या जिभांनीं लहानपणीं चाखली, त्याच जिभा आज बेल्जमच्या आंबट बिअरची तारीफ करतात आणि ही चव आपल्याकडे नव्हती असें सांगतात! आंबील मद्य नव्हे, हें आम्ही जाणतों. पण धान्य आंबवून चव काढण्याची विद्या आम्हांस परकी नव्हती, एवढें तिनें सिद्ध होतें.

ज्वारीची बिअर होत नाहीं असें कोणीं म्हणूं नये. आफ्रिकेंत ती पिढ्यानपिढ्या होत आली आहे. नायजेरिया सरकारनें १९८८ पासून जवाच्या माल्टची आयात बंद केली, तेव्हां तेथील मोठमोठ्या ब्रुअऱ्यांनीं ज्वारी-मक्यावर बिअर करून दाखविली. अडचणी आहेत: ज्वारीस जवासारखें टरफल नसल्यानें रस गाळणें कठीण जातें, आणि तिच्यांतील पिष्ट विरघळण्यास उष्णता अधिक लागते. पण ज्यांस वीस प्रकारचे कडवटपणा ओळखतां येतात, त्यांच्या कसबास ही अडचण भारी व्हावी काय? बालाघाटाच्या काळ्या रानांतली मालदांडी हिंवाळ्याच्या ओलीवर येते, उसासारखी धरणाकडे तोंड करीत नाहीं, आणि कणसाबरोबर जनावरांस कडबाही देते. सोयाबीन व कापूस यांच्यापुढें ती मागें हटत आहे. तिला एक गिऱ्हाईक वाढलें तर कोणास नको आहे?

परंतु येथेंही एक सावधगिरी अवश्य आहे. २००७ सालीं महाराष्ट्र सरकारनें धान्यापासून मद्यार्क काढणाऱ्या कारखान्यांस अनुदान देण्याचें धोरण काढलें, तेव्हांही ज्वारी-बाजरी पिकविणाऱ्या गरीब शेतकऱ्याचेंच नांव पुढें केलें होतें. डॉ. अभय बंग यांच्यासारख्यांनीं त्यास कसून विरोध केला, व तो योग्यच होता. सवलत कारखानदारास आणि नांव शेतकऱ्याचें, हा व्यवहार आम्हीं एकदां पाहिला आहे. तो पेल्याच्या आकाराचा होऊन पुन्हां यावयास नको. मूठभर ज्वारी शोभेस टाकून ‘मातीचा सुगंध’ विकणें म्हणजे ‘स्थानिक’ होणें नव्हे.

म्हणून आमची मागणी साधी आहे. ज्या ब्रुअरीस हा शब्द वापरावयाचा असेल, तिनें फलकावर बिअरच्या नांवाखालीं तीन गोष्टी लिहाव्या: धान्य कोणत्या गांवचें, शेतकऱ्यास भाव काय दिला, आणि एका पेल्यामागें कोणत्या धरणाचें किती पाणी खर्चलें. मद्यार्काचें प्रमाण ती लिहितेच. त्याखालीं तीन ओळींस जागा सहज होईल. आणि रसिकांनीं, विशेषतः आमच्या जिल्ह्यांतून गेलेल्या रसिकांनीं, पुढचा पेला उचलण्यापूर्वीं हे तीन प्रश्न विचारण्याइतकी रसिकता दाखवावी. ज्यांस ही उत्तरें देतां येत असतील, त्यांच्या पेल्यास आम्ही स्वतः ‘स्थानिक’ म्हणूं व आनंदानें म्हणूं. ज्यांस तीं देतां येत नसतील, त्यांस त्यांची बिअर लखलाभ असो. शब्द मात्र आमचा आहे, तो त्यांनीं परत करावा.