हिरवळ मोजावी कशी?

उपनगरांत बिऱ्हाड करावयाचें ठरलें कीं घरोघर चर्चा होते ती खोल्यांची, स्वयंपाकघरांतील उजेडाची आणि स्टेशनच्या अंतराची. बागेविषयीं मात्र विकणाराच्या रंगीत चित्रावर विसंबून आपण स्वस्थ राहतों. पुढें मुलें जिन्यांत चेंडू खेळूं लागतात, आजोबा मोटारींच्या रांगांमधून फेऱ्या घालतात, तेव्हां चूक उमगते. परंतु तोंवर जन्माची पुंजी घरांत गुंतलेली असते.

मोकळ्या जागेचें मोल मुंबईला फार महाग पडून कळलें. १८९६ सालीं प्लेग आला; दाट, कोंदट वस्तीचे दोष सर्वांच्या डोळ्यांवर आले, आणि १८९८ सालीं इंप्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. ट्रस्टनें दादर-माटुंगा भाग आंखला, तेव्हां घरांबरोबर बागांच्याही जागा राखल्या. माटुंग्याचीं पांच उद्यानें आजही त्याची साक्ष देतात.

हल्लींही नियम आहेच. मुंबईंत दहा हजार चौरस मीटरांच्या भूखंडावर शेंकडा २० जागा विरंगुळ्यासाठीं मोकळी सोडावी लागते. पण केवळ शेंकड्यावर भुलूं नये. त्या दोन हजार मीटरांभोंवतीं चारशें बिऱ्हाडें आणि घरटीं चार माणसें धरलीं, तर माणशी वांटा सव्वा चौरस मीटर, म्हणजे एका चटईएवढा! इमारत जितकी उंच, तितकी ही चटई आंखूड.

दुसरा प्रश्न भुईचा. ही किमान जागा जमिनीवरच असावी, वाहनतळाच्या छतावर नव्हे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें २०१३ सालीं दिला. पुढें २०१८ च्या नियमांनीं तिचा कांहीं भाग छतावर नेण्यास मुभा दिली. छतावरील उथळ मातींत गवत वाढेल. वडपिंपळ रुजणार नाहींत, आणि पावसाचें पाणीही भूमींत मुरणार नाहीं.

म्हणून घर पाहावयास जातांना मंजूर नकाशा मागावा, आणि वैशाखांतल्या दुपारीं चार वाजतां आजीला व नातवाला घेऊन जावें. जागा सलग आहे कीं भिंतीलगतच्या पट्ट्या जोडून बेरीज साधली आहे? सावली कोठें पडते? मोटारींची वाट न ओलांडतां आजीला तेथें जातां येतें काय? नातू मनसोक्त धांवूं शकतो काय?

ओटा, फरशी, भिंतींचे रंग हीं मागाहून बदलतां येतात. न सोडलेली जागा मागाहून कोणालाच सोडतां येत नाहीं.