दुरुस्त गाडीची घटलेली किंमत कोण देणार?



या महिन्यात कराडच्या एका भगिनीचे पत्र घेतले आहे. त्यांचे शौहर कुवेतला नोकरीला आहेत, गाडी त्यांच्याच नावावर आहे. चार महिन्यांपूर्वी सिग्नलला गाडी उभी असताना मागून टेम्पोने धडक दिली. गाडी त्या स्वतः चालवत होत्या. अल्लाहचा शुक्र, कुणाला इजा झाली नाही. पण डिकी, मागचा पत्रा आणि खालचा फ्लोअर आत गेला. दुरुस्तीचे बिल झाले 1,84,000 रुपये. आपल्या विमा कंपनीने 1,51,000 दिले, 33,000 घरातून गेले. आता मुलीच्या नर्सिंगच्या फीसाठी गाडी विकायला काढली, तर डीलरने रंगाची जाडी मोजायचे यंत्र लावले, डिकीचे कार्पेट उचलून वेल्डिंग पाहिले आणि म्हणाला, ‘‘गाडी छान आहे, पण ॲक्सिडेंटची आहे.’’ तशाच, पण अपघात न झालेल्या गाडीला तो 6,20,000 देतो, हिला 5,10,000. भगिनी विचारतात, ‘‘भाईजान, चूक टेम्पोवाल्याची. मग हे एक लाख दहा हजार आम्ही का सोसायचे? मामूजान म्हणतात, दुसऱ्या शहरात नेऊन विका, काही सांगू नका.’’

मामूजानांचा सल्ला आधी बाजूला काढू. धान्याच्या ढिगात हात घालून आतला ओलावा बाहेर काढणारी आणि ओले धान्य वर का ठेवले नाहीस असे व्यापाऱ्याला विचारणारी प्रेषित मुहम्मद (स.) यांची हदीस आपल्या घरांतल्या मुलांनाही ठाऊक असते. देशाचा कायदाही वेगळे सांगत नाही. 1872 च्या करार कायद्याच्या कलम 17 प्रमाणे माहीत असलेली गोष्ट मुद्दाम दडवणे ही फसवणूक आहे, आणि असा सौदा घेणारा रद्द करू शकतो. शिवाय साधा हिशेब पाहा. अपघात लपवून पूर्ण किंमत मिळवली तर तुमचे नुकसानच उरत नाही, मग टेम्पोवाल्याकडे मागणार काय?

आता मूळ प्रश्न. हे नुकसान दोन जणांकडे मागता येईल असे वाटते, आपली विमा कंपनी आणि समोरचा. आपल्या कंपनीचे दार बंदच आहे. खासगी गाडीच्या नेहमीच्या पॉलिसीत ‘स्वतःच्या गाडीचे नुकसान’ या भागात स्पष्ट लिहिलेले असते की परिणामी होणारे नुकसान, घसारा आणि झीज यांसाठी कंपनी पैसे देणार नाही. बाजारातली पत घटली, हे त्यातच बसते. ‘झिरो डेप’ घेतले होते तरी उपयोग नाही. ते फक्त सुट्या भागांवरची घसाऱ्याची कपात वाचवते. ते नसले तर प्लास्टिक आणि रबराच्या भागांवर 50 टक्के, आणि दोन ते तीन वर्षांच्या गाडीच्या पत्र्याच्या भागांवर 15 टक्के कपात होते. तुमचे 33,000 बहुधा असेच गेले आहेत. सर्व्हेअरचा हिशेबाचा कागद मागून घ्या, तो पुढे लागेल.

अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात मात्र उलटे आहे. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 2001 साली ठरवले की गाडी दुरुस्त करून दिली तरी घटलेली किंमत मोजून देणे हे मालकाच्या स्वतःच्या विमा कंपनीचे काम आहे. त्यानंतर तिथल्या कंपन्यांनी एक सूत्र वापरात आणले. गाडीच्या किमतीच्या 10 टक्के ही वरची मर्यादा धरायची आणि नुकसान किती खोल, गाडी किती किलोमीटर चालली, यावरून ती खाली आणायची. आपल्याकडचे काही वकील हे सूत्र अर्जाला जोडतात. माझे मत विचाराल तर त्यावर विसंबू नका. तो परदेशातल्या विमा कंपन्यांनी आपल्या सोयीने केलेला हिशेब आहे. कराड-साताऱ्याच्या बाजारात तुमची गाडी कितीला जाते, याचा तो पुरावा होत नाही.

दुसरे दार टेम्पोचा मालक, चालक आणि त्यांची विमा कंपनी यांचे. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 165 आणि 166 नुसार अपघात दावा न्यायाधिकरण फक्त मृत्यू आणि दुखापतीसाठी नाही. त्रयस्थाच्या मालमत्तेचे नुकसानही तिथे मागता येते, आणि तुमची गाडी ही टेम्पोच्या दृष्टीने त्रयस्थाची मालमत्ताच आहे. अर्ज अपघाताच्या ठिकाणच्या किंवा आपल्या राहत्या ठिकाणच्या न्यायाधिकरणात करता येतो. नुकसानभरपाईचे मूळ तत्त्व असे की, चूक करणाऱ्याने समोरच्याला पैशाने शक्य तितके पूर्वीच्या जागी आणून ठेवावे. गाडी चालू झाली म्हणून तुम्ही पूर्वीच्या जागी आलात असे नाही, कारण तीच गाडी आज एक लाखाने हलकी आहे. आपल्या फिकहमध्येही दोषामुळे वस्तूच्या किमतीत पडणाऱ्या फरकाला ‘अर्श’ असा स्वतंत्र शब्द आहे. कल्पना नवी नाही.

पण तत्त्व पटले म्हणजे पैसे मिळाले असे नव्हे. 1974 साली इंग्लंडच्या अपील न्यायालयापुढे नेमका असाच दावा आला होता. दुरुस्तीनंतरही किंमत घटली असेल तर ती मागता येते हे न्यायालयाला तत्त्वतः मान्य होते. गाडीमालक तरीही हरला, कारण किंमत खरोखर घटली हे त्याला पुराव्याने दाखवता आले नाही. आपल्या न्यायाधिकरणांत अशी मागणी क्वचितच येते, त्यामुळे ‘‘गाडीची किंमत कमी झाली’’ एवढ्या एका वाक्यावर कुणी काही देणार नाही.

म्हणून गाडी विकण्याआधी पुरावा गोळा करा. परवानाधारक सर्व्हेअरकडून किंवा मान्यताप्राप्त मूल्यांककाकडून लेखी अहवाल घ्या. अपघात नसता तर आजची किंमत किती, आता किती, आणि फरक नेमका कशामुळे, हे तिन्ही त्यात हवे. त्या डीलरकडून आणि आणखी दोघांकडून त्यांच्या छापील कागदावर देऊ केलेली रक्कम लिहून घ्या. त्यांना आधीच विचारा, बोलावले तर साक्षीला याल का? नुसता कागद समोरचा वकील पाच मिनिटांत फाडतो, माणूस साक्षीला उभा राहिला की वजन वाढते. वेल्डिंगचे, उघडलेल्या फ्लोअरचे फोटो, गॅरेजचे बिल, पोलीस ठाण्यातली नोंद आणि पंचनामा हेही जोडा. हे झाल्यावर गाडी खुशाल विका, मुलीची फी थांबवू नका. अपघाताच्या दिवशी मालक कोण होता हे महत्त्वाचे, विकल्याने हक्क जात नाही. उलट खरेदीदाराशी झालेला लेखी व्यवहार, ज्यात अपघाताचा उल्लेख आहे, हाच सर्वांत बोलका पुरावा ठरेल.

मुदतीचे मात्र मनावर घ्या. 1 एप्रिल 2022 पासून लागू झालेल्या दुरुस्तीप्रमाणे अर्ज अपघातापासून सहा महिन्यांत करायचा आहे. या अटीविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली गेली आहे, पण त्या भरवशावर बसू नका. तुमचे चार महिने गेलेत. गाडी शौहरांच्या नावावर असल्याने अर्जही त्यांच्याच नावाने होईल. कुवेतच्या भारतीय दूतावासात त्यांनी तुमच्या नावे मुखत्यारपत्र करून पाठवावे. इथे आल्यावर त्याला मुद्रांक शुल्क लागते. यात दिवस जातात, म्हणून ते आजच सांगा. अपघाताच्या वेळी चाकावर तुम्हीच होतात, त्यामुळे धडक कशी बसली याची साक्ष तुमचीच. लायसन्सची प्रत काढून ठेवा.

टेम्पोची विमा कंपनी कोणती, हे गाडीच्या नंबरवरून परिवहन खात्याच्या ॲपवर दिसते. साधारणपणे व्यावसायिक वाहनाच्या आणि खासगी कारच्या पॉलिसीत त्रयस्थाच्या मालमत्तेसाठी 7,50,000 रुपयांपर्यंत आणि दुचाकीच्या पॉलिसीत 1,00,000 पर्यंत संरक्षण असते. हप्ता वाचवण्यासाठी मालकाने मर्यादित संरक्षण घेतले असेल तर ते अवघे 6,000 असते, आणि वरची रक्कम मालकाच्या खिशातून काढावी लागते. ते किती अवघड, हे सांगायला नको. (वाचकहो, आपल्या स्वतःच्या पॉलिसीतही ही ओळ एकदा वाचा. उद्या चूक आपली असू शकते.)

आता अडचणीची बाजू. जे 1,51,000 तुम्हाला मिळाले ते पुन्हा मागता येणार नाहीत; त्या रकमेपुरता वसुलीचा हक्क तुमच्या कंपनीकडे गेला. उरते ते 33,000, घटलेली किंमत 1,10,000 आणि गाडी गॅरेजमध्ये असताना रिक्षा-टॅक्सीला गेलेले पैसे, पावत्या असतील तर. पैसे घेताना ‘पूर्ण व अंतिम’ असे छापलेल्या व्हाउचरवर सही केली असेल, तर टेम्पोच्या कंपनीचा वकील पहिला आक्षेप त्यावरच घेईल, आणि अशा आक्षेपावर अर्ज फेटाळले गेल्याची उदाहरणे आहेत. तुमच्या वकिलाने अर्जातच लिहावे की ही सही आपल्या कंपनीपुरती आणि दुरुस्तीच्या रकमेपुरती होती, किमतीच्या घटीचा तिथे विषयच नव्हता.

एवढ्यासाठी कोर्टाची पायरी चढावी का? वीस-पंचवीस हजारांचा प्रश्न असता तर मी नको म्हटले असते. इथे सगळे मिळून दीड लाखाच्या आसपास जाते आणि चूक कुणाची यात वादाला जागा नाही. आधी टेम्पोचा मालक आणि त्याची कंपनी यांना हिशेबासह नोटीस पाठवा, पण उत्तराची वाट पाहत मुदत घालवू नका. अर्ज दाखल झाला की प्रकरण लोकअदालतीत ठेवण्याची विनंती करता येते, तिथे तडजोडीने थोडी कमी पण लवकर रक्कम हाती येऊ शकते. तिथे किती खाली यायचे हे घरात बसून आधी ठरवा. कागदावर आकडा नसला की माणूस तिथल्या गर्दीत कशालाही हो म्हणतो. निकालाची रक्कम मिळताना कलम 171 प्रमाणे व्याजही लावले जाते. त्याचे काय करायचे हे आपल्या आलिमांना विचारा, तो माझा प्रांत नाही.

भगिनींनी गाडीच्या वयाचा आणि किलोमीटरचा उल्लेख पत्रात केलेला नाही. मूल्यांककाकडे जाताना दोन्ही लिहून न्या, आणि अपघाताआधीच्या सर्व्हिसिंगच्या पावत्याही. गाडी नीट सांभाळलेली होती हे दिसले तर 6,20,000 चा आकडा टिकतो.