पेटकरांचा व्हिडिओ पुरेसा नाही

२०२४ साली ‘चंदू चॅम्पियन’ पडद्यावर आला आणि मुरलीकांत पेटकर हे नाव घराघरांत गेलं. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचा हा गडी, सैन्याच्या ईएमई विभागातला जवान आणि बॉक्सर. १९६५च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या, कमरेखालचं अंग लुळं पडलं. १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पोहून भारताला पहिलं वैयक्तिक सुवर्णपदक मिळवून दिलं. पद्मश्रीला मात्र २०१८ उजाडावं लागलं. आता मणक्याला मार बसलेला तरुण वॉर्डात दाखल झाला की कोणीतरी नातेवाईक त्याच्यापुढे मोबाइल धरतो, “हे बघ, पेटकर बघ.” कधी कधी थेरपिस्टही धरतो.

हेतू चांगलाच असतो. पण ज्याला अजून कूस बदलता येत नाही, त्याला त्यातून एवढंच कळतं की आता नुसतं जगून भागणार नाही, पदकही आणावं लागणार.

पेटकरांच्या गोष्टीतला थेरपिस्टच्या कामाचा भाग पदकाच्या बराच आधी येतो. पोहणं त्यांना सुचवलं गेलं ते उपचार म्हणून. जो आधीपासून खेळाडूच होता, त्याला खेळाच्याच वाटेनं पुढे नेलं गेलं. दुसऱ्या एखाद्याची वाट दुकानाच्या गल्ल्यापासून सुरू होईल, तिसऱ्याची मुलीच्या शाळेपासून. ती वाट त्याच्याच तोंडून जाणून घेणं हे कौशल्य आहे आणि ते शिकवावं लागतं. आपल्याकडे ते जवळजवळ शिकवलंच जात नाही, ही खरी तक्रार आहे.

छत्तीसगडमधल्या भिलाईच्या जुनवानीसारख्या ठिकाणी हा प्रश्न पुस्तकी राहत नाही. १९५९ साली पहिली झोतभट्टी पेटलेलं हे पोलादाचं शहर. कारखाने, सतत चाललेली बांधकामं आणि शहराला चिकटून धावणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५३. उंचावरून पडणं आणि रस्त्यावरचे अपघात ही मज्जारज्जूच्या इजेची जगभरातली दोन मोठी कारणं. ती दोन्ही इथल्या रोजच्या जगण्यातली आहेत. जुनवानीत श्री शंकराचार्य समूहाचं मेडिकल कॉलेज आहे, सेक्टर ९ मध्ये पोलाद कारखान्याचं जुनं रुग्णालय आहे, रायपूरला एम्स आहे. दुर्ग-राजनांदगावकडची मराठी घरं तर भोसल्यांच्या काळापासून मोठ्या कामासाठी नागपूरकडे बघत आली आहेत, आणि मोठ्या आजारासाठीही. शस्त्रक्रियेची सोय आता अशी हाताशी आहे. अडतं ते त्यानंतर.

मज्जारज्जू तुटल्यानंतर माणूस जगतो तो सवयींवर. पलंगावर असताना दर दोन तासांनी कूस बदलायची. खुर्चीत बसल्यावर पंधरा ते तीस मिनिटांनी हातांवर जोर देऊन अंग उचलायचं. दर चार ते सहा तासांनी नळी घालून लघवी काढायची, पाणी मोजून प्यायचं, शौचाची वेळ बांधायची, रोज आरशात पाठीमागची कातडी तपासायची. डॉ. लुडविग गुटमान यांनी १९४४ साली इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिलला विभाग उघडला तेव्हा असे रुग्ण फार काळ जगत नसत. बेडसोर आणि मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग त्यांचा जीव घेत असे. गुटमान यांनी दिवसरात्र दर दोन तासांनी कूस बदलायची शिस्त लावली आणि चित्र पालटलं. पण ती शिस्त वॉर्डातली होती, परिचारिकांच्या पहाऱ्यातली. घरी पहारा कोण करणार? तिथे हे करावंसं रुग्णाला स्वतःलाच वाटावं लागतं.

ते वाटायला लावायचे आपल्याकडचे मार्ग ठरलेले आहेत: धीर द्यायचा, दम द्यायचा, दाखले द्यायचे. “दर अर्ध्या तासानं अंग उचला सांगितलं होतं ना? काल किती वेळा केलंत?” “एकदोनदा.” “असं कसं चालेल? जखम झाली तर महिनोन्महिने पालथं पडून राहावं लागेल!” समोरचा मान डोलावतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदोनदाच.

विल्यम मिलर हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ १९८२ साली नॉर्वेत दारूच्या व्यसनावर काम करणाऱ्या तरुण सहकाऱ्यांपुढे सरावाचे संवाद करून दाखवत होते. ती मुलं त्यांना मध्येच अडवत आणि विचारत, हे तुम्ही असंच का बोललात? उत्तरं देता देता मिलर यांना आपल्याच पद्धतीचे नियम सापडले. त्यांवरचा लेख १९८३ साली आला, स्टीफन रोलनिक यांच्यासोबतचं पुस्तक १९९१ साली. या पद्धतीला मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग म्हणतात. गाभा सोपा आहे. बदलायचं की नाही या बाबतीत माणूस दुभंगलेला असतो. समोरच्यानं बदलाची बाजू घेतली की तो आपसूक दुसऱ्या बाजूचा वकील होतो. म्हणून बदलाची बाजू त्याच्याच तोंडून यायला हवी.

तोच संवाद वेगळ्या हातात कसा जातो ते पाहू. समजा, रुग्ण सेंट्रिंगच्या कामावरून पडलेला तिशीतला माणूस आहे.

“काल दोनदा उचललंत. कधी उचललंत, भाऊ?”

“पोरगी समोर बसली होती तेव्हा.”

“ती असली की जमतं.”

“जूनमध्ये तिला शाळेत सोडायला जायचंय. तोवर परत पलंगावर पडायचं नाही मला.”

“हे रोज जमेल याची खात्री शून्य ते दहात किती वाटते?”

“चार.”

इथे नवखा थेरपिस्ट हमखास विचारतो, “चारच का?” मग रुग्ण अडचणींची यादी सांगतो आणि ती सांगता सांगता त्याचं मन अधिकच खचतं. शिकलेला विचारतो, “चार म्हणालात, दोन का नाही?” उत्तर येतं, “हातात जोर आहे अजून. दहा वर्षं प्लेटा उचलल्यात.” आता व्यायामाची बाजू कोण मांडतंय? या सगळ्याला चार मिनिटंही लागत नाहीत. त्यामुळे वेळ नसतो ही सबब थोडी तपासून घ्यायला हवी.

या पद्धतीला जादू समजायचं कारण नाही. तिचा भक्कम पुरावा मुख्यतः दारूच्या व्यसनासारख्या क्षेत्रांतला आहे. मज्जारज्जूच्या रुग्णांवरचे अभ्यास थोडे आहेत आणि निष्कर्ष संमिश्र. शिवाय खरोखर नैराश्यात गेलेल्या रुग्णाला आधी मानसोपचार लागतात, खुबीदार प्रश्न नव्हेत. पण दम देण्याच्या बाजूनं तर तेवढाही पुरावा नाही, तरी तो वॉर्डावॉर्डांत रोज वाटला जातो.

सगळ्यांत अवघड प्रश्न रुग्णाकडूनच येतो: “मी परत चालेन ना?” पहिल्या तपासण्यांत इजा पूर्ण असल्याचं दिसलं, तर परत चालण्याची शक्यता कमी असते. थेरपिस्ट मग दोनपैकी एक करतो. “देवाच्या हातात आहे” म्हणून सटकतो किंवा फटकन सत्य सांगून मोकळा होतो. पहिल्याची किंमत घरच्यांना मोजावी लागते. ते स्टेम सेलच्या जाहिराती शोधू लागतात, शेत विकायच्या गोष्टी निघतात. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मज्जारज्जूच्या इजेवर असा उपचार मान्य चाचणीबाहेर विकता येत नाही, हे त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं. मिलर-रोलनिक पद्धतीत इथे क्रम आहे: आधी विचारा, मग सांगा, मग पुन्हा विचारा. “डॉक्टरांनी तुम्हाला काय सांगितलंय?” “मला माहीत आहे ते सांगू का?” आणि सांगून झाल्यावर, “हे ऐकून काय वाटतंय?” सत्य तेच राहतं. फक्त ते किती आणि कधी ऐकायचं यात रुग्णाचाही शब्द असतो.

कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचं ‘चाकाची खुर्ची’ हे आत्मकथन प्रत्येक फिजिओथेरपी कॉलेजात असायला हवं. ऐन कॉलेजच्या वयात कमरेखालचं अंग गेलं, त्या निराशेत बुडाल्या. त्यांना बाहेर काढलं ते बाबूकाका दिवाण यांनी, जे स्वतः चाकाच्या खुर्चीत होते. पुढे नसीमादीदींनी कस्टम्स व एक्साइज खात्यात नोकरी केली, १९८४ साली ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभी केली. बाबूकाका पडद्यावर नव्हते, समोर होते. त्यांना प्रश्न विचारता येत होते, लाजेचेसुद्धा. पुण्याजवळच्या खडकीत जखमी सैनिकांसाठी १९७४ साली पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र निघालं. तिथेही नव्याला जुना भेटतो. जुनवानीच्या घरात परतलेल्या सेंट्रिंगवाल्याला कोण भेटणार? दुर्ग-भिलाई परिसरात खुर्चीवर बसून कमावणारी, संसार करणारी माणसं शोधून, मानधन देऊन त्यांना महिन्याकाठी वॉर्डात आणणं एवढं काही अवघड नाही. रुग्णालयाच्या खर्चात तो आकडा दिसणारही नाही.

एक गोष्ट मात्र मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंगच्या या परदेशी पद्धतीत आपल्याला स्वतःच भरावी लागेल. ती समोरासमोर बसलेली दोनच माणसं गृहीत धरते. आपल्याकडे पलंगाभोवती आई, बायको, मोठा भाऊ आणि गावाहून आलेला मामा असतो. प्रश्न रुग्णाला विचारला की उत्तर आई देते. नळी कोणी घालायची, हे सासू ठरवते. शर्टाचं बटण रुग्णाला लावता येतं, पण तेवढ्यात बायको ते लावून मोकळी होते. मायेपोटीच. तिला “करू नका” म्हणणं हाही दमच झाला. “ते स्वतः काय करायला लागले तर तुम्हाला थोडा विसावा मिळेल, ताई?” हा प्रश्न बहुधा तिला आजवर कोणी विचारलेला नसतो.

एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात २०१९ पासून वृत्ती, नीती आणि संवाद यांचा स्वतंत्र भाग आहे. रुग्णाजवळ डॉक्टरपेक्षा कितीतरी जास्त वेळ घालवणाऱ्या फिजिओथेरपिस्ट आणि ऑक्युपेशनल थेरपिस्टच्या शिक्षणात हे तितक्याच ठळकपणे यायला हवं. २०२१च्या कायद्यानं या व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोग नेमला आहे, तेव्हा दार कुठलं ठोठावायचं हेही ठरलेलं आहे. फक्त या शिक्षणाचं रूपांतर दोन दिवसांची कार्यशाळा, एक गटफोटो आणि प्रमाणपत्र यांत होऊ नये. मिलर यांनी स्वतःच्याच कार्यशाळेची परीक्षा घेतली होती. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात शिकणाऱ्यांना आपण खूप सुधारलो असं वाटलं, प्रत्यक्ष बोलण्यात फरक बेताचाच पडला आणि समोरच्या माणसांच्या प्रतिसादात तर जवळपास काहीच नाही. २००४च्या पुढच्या अभ्यासात, ज्यांचे संवाद नंतर ऐकून त्यांवर अभिप्राय आणि मार्गदर्शन दिलं गेलं, त्यांचं कौशल्य टिकलं. म्हणजे लागणारं साहित्य अगदी साधं आहे: रुग्णाची परवानगी, खिशातल्या मोबाइलवरचं ध्वनिमुद्रण आणि आठवड्यातून एक तास ते ऐकायला बसणारा वरिष्ठ. यातली पहिली दोन जुनवानीत आजही आहेत. वरिष्ठाचा तो तास मात्र कामाच्या वेळापत्रकात लिहून द्यावा लागेल, नाहीतर तो ओपीडीत जाईल.