समन्स नाकारून बला टळत नाही



कापूस घरात आला, चार पैसे हातात येणार असे दिसू लागले, की देणेकऱ्याला कोर्टाची आठवण होते. मग तालुक्याच्या दिवाणी कोर्टाचा बेलीफ समन्स घेऊन गावात येतो. आपण काय करतो? मागच्या दाराने शेताकडे निघून जातो, नाहीतर कागद घेत नाही. गावोगाव हिंडताना आम्ही हे वारंवार पाहिले. बेलीफ परत गेला की बला टळली असे वाटते. खरी बला तिथूनच सुरू होते.

समन्स नाकारले तर बेलीफ त्याची प्रत दाराला डकवतो आणि तसा अहवाल कोर्टाला देतो. कोर्टाची खात्री पटली की बजावणी झाली असे धरतात. दावा एकतर्फी चालतो, हुकूमनामा होतो, मागोमाग दरखास्त येते. उलट समन्स घेतले तर कैफियत द्यायला ३० दिवस मिळतात. सबळ कारण दाखवल्यास कोर्ट ९० दिवसांपर्यंत मुदत देऊ शकते. वापसा चुकला तर पेरणी साधत नाही हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. कोर्टाच्या मुदतीचेही तसेच आहे.

कोर्ट म्हटले की आपल्याला न्यायाधीश तेवढे दिसतात. पण आपली गाठ पडते ती कचेरीशी. तिथे कोण काय करतो हे माहीत हवे. न्यायाधीशांजवळ बसणारा कारकून रोजनामा लिहितो. त्या दिवशी काय झाले, पुढची तारीख कोणती, हे त्यात असते. नाझर कोर्टात भरलेल्या पैशाचा हिशेब ठेवतो आणि बेलिफांना कामे वाटतो. पैसे भरले की पावती घ्या. नक्कल विभाग निकालाची सहीशिक्क्याची नक्कल देतो. तिचा अर्ज लगेच करा, कारण नक्कल मिळण्यात गेलेले दिवस अपिलाच्या मुदतीत धरत नाहीत.

देणेकऱ्याला हुकूमनाम्याचे पैसे परस्पर दिले असतील, तर ३० दिवसांत अर्ज करून त्याची कोर्टात नोंद करून घ्या. नोंद नसलेली फेड दरखास्तीत धरली जात नाही. पैसे एकदा जातात आणि पुन्हा मागितले जातात.

जप्ती आलीच तर हेही ध्यानात ठेवा. दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ६० शेतकऱ्याची औजारे आणि पोटापाण्यासाठी कोर्टाला आवश्यक वाटतील तेवढी जनावरे व बियाणे जप्तीतून वगळते. शेतकऱ्याचे राहते घरही त्यात येते. पण हे आपण होऊन लेखी मांडावे लागते. दारात बेलिफाशी भांडून उपयोग नाही. तो हुकूम बजावतो, हुकूम देत नाही.

कारकून आपला वैरी नाही. फायलींच्या ढिगाऱ्यात तोही बुडालेला असतो. पण निकाल त्याच्या हाती नाही आणि सल्ला देणे त्याचे काम नाही. ‘साहेबांना सांगून काम करतो’ म्हणत जो पैसे मागेल, तो आपल्याला फसवतो आहे. मागायचे ते लेखी मागावे आणि दिलेल्या अर्जाची पोच घ्यावी.

वकिलाला पैसे नाहीत म्हणून गप्प बसू नका. १९८७ च्या विधी सेवा कायद्याने स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आणि दुष्काळाचे बळी ठरलेले यांना मोफत वकील मागता येतो. अर्ज तालुका विधी सेवा समितीकडे करायचा.

पुढच्या जिल्हा बैठकीला येताना घरातले कोर्टाचे सगळे कागद पिशवीत घालून आणा. ज्यांना मोबाइल वापरता येतो त्या पोरांनाही सोबत आणा. खटल्याच्या १६ अंकी-अक्षरी सीएनआर क्रमांकावरून तारीख कशी पाहायची ते आपण तिथे दाखवू. बाजारात भावासाठी भांडणाऱ्या शेतकऱ्याने, न वाचलेल्या कागदापायी शेत घालवावे, हे आम्हाला मान्य नाही.