एल्मिनाचा किल्ला आणि आपला ऊस

शेतकरी बंधू-भगिनींनो,

किल्ला म्हटला की आपल्याला पराक्रम आठवतो. पश्चिम आफ्रिकेतील घाना देशाच्या किनाऱ्यावरचा एल्मिनाचा किल्ला पाहणाऱ्याची मान मात्र खाली जाते. पोर्तुगीजांनी १४८२ साली तो बांधायला घेतला, तेव्हा त्यांचा डोळा तेथील सोन्यावर होता. १६३७ साली तो डचांनी जिंकला. पुढे सोन्यापेक्षा माणसांच्या व्यापारात पैसा जास्त दिसू लागला आणि किल्ला माणसांचे कोठार बनला.

वर गव्हर्नरची हवेशीर दालने, मधल्या अंगणात प्रार्थनामंदिर आणि तळाशी अंधाऱ्या कोठड्या. तेथे बायका-पुरुषांना जहाज येईपर्यंत कोंडून ठेवीत. समुद्राच्या बाजूला एक अरुंद दार आहे. त्यातून जहाजाकडे नेलेल्यांना पुन्हा घर दिसले नाही. आफ्रिकेच्या किनाऱ्यांवरून सुमारे सव्वा कोटी माणसे अशी अटलांटिकपार जाणाऱ्या जहाजांत भरली गेली. त्यांतली सुमारे १८ लाख वाटेतच मेली, असा इतिहासकारांचा अंदाज आहे.

एवढी माणसे कशाला हवी होती? बहुतेक उसासाठी! ब्राझील आणि वेस्ट इंडीजमध्ये उसाचे मोठमोठे मळे होते. लावण, बांधणी, तोडणी ही कामे किती कष्टाची, हे तुम्हाला सांगायला नको. तोडलेला ऊस पडून राहिला की वजनही घटते आणि साखरही. म्हणून हंगामात तेथे चरक आणि कढया रात्रंदिवस चालत. माणूस दमला तरी ऊस थांबत नसे.

इंग्रजांनी १८३३ साली गुलामगिरी बंद करण्याचा कायदा केला. मग १८३४ पासून मॉरिशसच्या मळ्यांवर हिंदुस्थानातून करारी मजूर जाऊ लागले. त्यांत पुढे आपल्या कोकणातली माणसेही गेली. त्यांचे वंशज आजही तेथे स्वतःला मराठी म्हणवतात.

आता आपल्या फडाकडे पाहू. आपला तोडकरी गुलाम नाही, ही गोष्ट खरी. पण उचल घेऊन, बायकापोरांसह गाव सोडून तो येतो आणि उचल फिटेपर्यंत त्याला हलता येत नाही. ऊस आपला आहे, तर थोडी जबाबदारीही आपलीच. टोळी येण्याआधी पिण्याच्या पाण्याची सोय करा. बायांना आडोसा करून द्या. पोरांना जवळच्या शाळेत बसवायला मुख्याध्यापकांशी बोला. मुकादमाचा हिशेब तोडकऱ्याला वाचून दाखवायला आपल्या शिकलेल्या मुलाला पाठवा. याला फार खर्च येत नाही.

आपला,
कृषी विस्तार अधिकारी