यादवी लंकेची, कसोटी भारताची

अणदूरच्या खंडोबाची मूर्ती एक, देवळे मात्र दोन. वर्षातला बहुतेक काळ देव अणदुरात असतो, उरलेले दिवस नळदुर्गजवळच्या मैलारपुरात. मराठी भाविक त्याला खंडोबा म्हणतो, कन्नड भाविक मैलार. देव नेमका कोणत्या भाषेचा, असा वाद या सीमाभागात कोणी घालत नाही. श्रीलंकेतील यादवीच्या वेळी एवढी समज देशाने दाखवली असती, तर पुढचा अनर्थ कदाचित टळला असता.

जुलै १९८३ मध्ये कोलंबोत तामिळांची कत्तल झाली, घरेदारे जाळली गेली. लंकेतील तामिळांत बहुसंख्य हिंदू; तरीही उर्वरित भारताने तो 'तामिळांचा प्रश्न' मानला. महाराष्ट्रही त्याला अपवाद नव्हता. साऱ्या समाजाचे दुःख एका प्रांतावर सोपवले गेले आणि तिथल्या पक्षांनी त्याचे भांडवल केले. दिल्लीचेही गणित चुकले. तामीळ बंडखोरांना शस्त्रे व प्रशिक्षण प्रथम भारतानेच दिले. १९८७ च्या करारानंतर शांतिसेनेला त्यांच्यातीलच 'एलटीटीई'शी लढावे लागले.

या लढाईत मेजर रामस्वामी परमेश्वरन यांनी बलिदान दिले. जन्म मुंबईचा, मातृभाषा तामीळ, आणि नेतृत्व महार रेजिमेंटच्या आठव्या बटालियनच्या जवानांचे. २५ नोव्हेंबर १९८७ रोजी शोधमोहिमेवरून परतताना त्यांच्या तुकडीवर हल्ला झाला. छातीत गोळी लागली असताना त्यांनी समोरच्या अतिरेक्याची रायफल हिसकावून त्याला ठार केले आणि अखेरच्या श्वासापर्यंत ते आदेश देत राहिले. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र लाभले. त्यांची अस्मिता तामीळ की भारतीय, हा प्रश्न त्या रात्री त्यांच्या जवानांना पडला नसावा.

राजकारण्यांना मात्र पडला. शांतिसेनेने सुमारे बाराशे जवान गमावले. मार्च १९९० मध्ये अखेरची तुकडी मद्रास बंदरात उतरली, तेव्हा मुख्यमंत्री करुणानिधी स्वागताला फिरकले नाहीत. तामिळांना मारणाऱ्या सैन्याचे स्वागत कसे करावे, ही त्यांची भूमिका. आपल्याच देशाच्या बंदरात जवान परके ठरले! पुढच्याच वर्षी श्रीपेरुंबुदुरला राजीव गांधींची हत्या झाली.

२००९ मध्ये यादवी संपली, दबावाचे राजकारण संपले नाही. मार्च २०१३ मध्ये जिनिव्हातील ठरावाच्या शब्दांवरून द्रमुकने केंद्र सरकारचा पाठिंबा काढला. देशाचे परराष्ट्र धोरण एका राज्यातील मतांच्या हिशेबाने ठरावे काय?

त्या पक्षांना दोष देणे सोपे आहे. पण तामीळनाडूतील छावण्यांत आजही हजारो निर्वासित राहतात. कित्येकांचा जन्मही तिथलाच. २०१९ च्या नागरिकत्व सुधारणा कायद्यात पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानची नावे आहेत, श्रीलंकेचे नाही. त्या कायद्याचे हिरिरीने समर्थन करणाऱ्यांनी तरी हा प्रश्न द्रविड पक्षांच्या हाती का सोडावा? या निर्वासितांसाठी एखादा ठराव अणदूरच्या ग्रामसभेत व्हायला काय हरकत आहे?